दहा प्रश्न, शून्य गुण

प्रसूतिकक्षात मी अकरा वर्षं काढली. बाळंत होऊन नव्हे, नोकरी करून. वॉर्डातल्या बायका मला पाठीमागे ‘हेडमास्तरीण’ म्हणायच्या, आणि हे मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरी जायच्या दिवशी सगळ्या बाळंतिणींना एका बाकावर बसवून मी भाषण द्यायचे. सात मिनिटांचं. नाळ कोरडी ठेवा, ताप आला तर लगेच या, पाजताना बाळाचं नाक दबत नाही ना ते बघा, टाके ओढल्यासारखे वाटले तर घाबरू नका. आणि अगदी शेवटी, हातातली फाईल मिटता मिटता, “पंधरा दिवस उगीचच रडू येईल. येऊ दे. हार्मोन्स असतात, जातात. डिस्चार्जचा कागद तळमजल्यावर, तीन नंबरची खिडकी.”

नाळेला पावणेदोन मिनिटं होती. मनाला दीड ओळ. एखादी चोंबडी विचारायचीच, “सिस्टर, आणि पंधरा दिवसांनी नाही गेलं तर?”

“जातं,” मी म्हणायचे. माझा आवाजच असा होता, की हार्मोन्सनीसुद्धा मुकाट्याने सामान बांधलं असतं.

मग चौतिसाव्या वर्षी मला स्वतःला मुलगी झाली. माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. कळा चालू असतानाही मी चादरीचा कोपरा नीट खोचलेला नाही म्हणून एका पोरीला झापलं होतं, असं नंतर मला सांगण्यात आलं. मुलगी तीन किलो शंभर ग्रॅमची, सुदृढ आणि फुप्फुसांनी अतिशय संपन्न. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आयुष्यभर त्याने मोटारींचे आवाज ऐकलेत. तिचं पहिलं रडणं ऐकून तो म्हणाला, “भोंगा आहे भोंगा.” तेव्हापासून ती भोंगाबाई.

चौथ्या दिवशी मी रडले. कारण सांगते, हसायचं नाही. दोरीवर तिचा एकच मोजा वाळत होता. त्याचा जोडीदार पलंगाखाली गेला होता. तो एकटा मोजा वाऱ्यावर हलत होता, आणि मला वाटलं, या जगात कुणाचं कुणी नाही.

नवरा घाबरला. मी मात्र नाक पुसत खूश होते. “चौथा दिवस,” मी म्हटलं. “अगदी पुस्तकात दिलंय तसं. पंधराव्या दिवशी थांबेल.”

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला गोल केला. लिफ्टच्या देखभालीची तारीख असते तसा.

आणि काय सांगू, पंधराव्या दिवशी रडू खरंच थांबलं! इतक्या वक्तशीरपणे थांबलं, की मला माझा अभिमान वाटला. घर गाढ विश्वासाने कामाला लागलं. नवरा लिफ्टांकडे परतला. फक्त एक बारीकशी गोष्ट कुणाला सांगायची राहून गेली. रडू गेलं होतं, पण जाताना ते बाकीचं सगळंही घेऊन गेलं होतं.

म्हणजे कसं, की भोंगाबाई माझ्या मांडीवर हसायची आणि मला दिसायचं की ती हसतेय. बस. फॉर्मात नोंद करावी तसं. दुपारी चार वाजायला आले की पोटात एकदम खड्डा पडायचा, कशाची भीती ते कळायचं नाही, आणि चार वाजणं टाळता येत नसल्यामुळे मी साडेतीनपासूनच घाबरायला लागायचे. बाळ झोपलं की मी झोपायचं, असं मी हजार बायकांना बजावलं होतं. बाळ झोपलं की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे, श्वास चालू आहे ना बघायला. चालू असायचा. मग दोन मिनिटांनी पुन्हा. रोज बघूनही माझा तिच्या श्वासावर विश्वास बसेना.

आणि राग! नवरा सफरचंद खायचा. गेली नऊ वर्षं खातोय. पण त्या दिवसांत त्याचा तो कचाक् कचाक् आवाज ऐकला की माझ्या कपाळाची शीर तडतडायची. एकदा मी बाटली धुवायचा ब्रश फेकून मारला. तो कानाजवळून गेला.

“सफरचंद गोड नाहीये का?” त्याने विचारलं. हा माणूस लिफ्टच्या केबलला लटकून काम करतो. धोका ओळखणं हा त्याचा व्यवसाय आहे.

सल्ल्यांचा तुटवडा नव्हताच. समोरच्या घरातल्या काकू रोज अकराला यायच्या आणि दारातूनच मला तपासायच्या. “चेहरा का असा सुरकुतलाय? मन प्रसन्न ठेवायचं बाई! आईचं मन प्रसन्न तर बाळ प्रसन्न.” मन प्रसन्न ठेवायचं म्हणजे नेमकं कुठे ठेवायचं, फ्रीजमध्ये की माळ्यावर, ते त्यांनी सांगितलं नाही. वर त्या जाताना भोंगाबाईला झोपेतून उठवून जायच्या, गालाला हात लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. त्या निवृत्त टायपिंग शिक्षिका. तीस वर्षं त्यांनी पोरांच्या बोटांना शिस्त लावली, आणि आता भोंगाबाईची ढेकर काढतानाही त्यांची बोटं तिच्या पाठीवर टाइप करायची. ओळ संपली की खांद्याशी किंचित थांबायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” मी कधी वाद घातला नाही. त्यांच्या वेळी खरंच काही नव्हतं. डिप्रेशन नव्हतं, थकवा नव्हता, झोपेची गरज नव्हती, आणि बहुधा बाळंतपणात बायकाही नव्हत्या, मुलं परस्पर टपालाने यायची.

एकदा मात्र मी म्हटलं, “आई, मला काही वाटतच नाहीये हो.”

“मग बरंच आहे की,” त्या म्हणाल्या. “जास्त वाटून घेणारी माणसं लवकर म्हातारी होतात.”

तुम्ही म्हणाल, तू तर नर्स. तुला कळायला नको? कळत होतं ना. सगळं कळत होतं. दुसऱ्या कुणा बाईने मला हे सांगितलं असतं, तर मी तिचा दंड धरून तिला डॉक्टरांच्या पुढ्यात बसवलं असतं. पण ती दुसरी बाई असती. मी हेडमास्तरीण होते. हेडमास्तरणीला गोवर होत नसतो.

सहाव्या आठवड्यात तपासणीला जायचं होतं. माझ्याच ओपीडीत. मी केस बांधले, इस्त्रीचा कुडता घातला, ओठांना रंग लावला. भोंगाबाईला तर अशी नटवली की ती जाहिरातीत शोभली असती. दारातच सगळ्यांनी घेराव घातला. वजन किती, दूध पिते का, नाक कुणासारखं. वजन उत्तम, पिते, नाक माझ्या दुर्दैवाने तिच्या आजीसारखं. मी विनोद केले. सगळे हसले. सहा आठवड्यांनी मी पहिल्यांदा कामावर आल्यासारखी होते.

मग फॉर्म आला.

हा दहा प्रश्नांचा एक कागद असतो. गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं ते विचारतात. हसू येतं का, उगाच भीती वाटते का, झोप लागते का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज जितकी जास्त तितकी काळजी जास्त. गेली चार वर्षं हे कागद वाटायचं, गोळा करायचं आणि बेरीज करायचं काम मीच करत होते. कुठल्या खुणेला किती गुण, हे मला झोपेतही सांगता आलं असतं, झोप आली असती तर.

माझ्या जागी आता एक नवी पोरगी बसत होती. तिला आम्ही ‘चिठ्ठी’ म्हणायचो. कारण ती प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहून घ्यायची. ‘पाणी पिणे’ हेसुद्धा. तिला मीच शिकवलं होतं आणि शिकवताना तीनदा रडवलंही होतं. तिने फॉर्म पुढे केला. मी चाळीस सेकंदांत दहा खुणा केल्या आणि कागद परत दिला. परीक्षेचा पेपर फोडून सोडवावा तसा.

चिठ्ठीने बेरीज केली. मग पुन्हा केली. मग टेबलाचा खण उघडून दुसरा कोरा फॉर्म काढला.

“सिस्टर, परत भरा.”

“का? खाडाखोड आहे?”

“नाही. शून्य आहे.”

“मग? चांगलंच आहे की.”

तिने आजूबाजूला पाहिलं, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. “शून्य कुणाचंच येत नाही, सिस्टर. परवा ओपीडी रिकामी होती, तर मी स्वतः भरून पाहिला. माझे पाच आले. मला मूल नाही, लग्न नाही, आणि त्या दिवशी मी आइस्क्रीम खाल्लं होतं.”

“तुझं तुझ्यापाशी. मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षं जास्त...”

“तुम्ही बाळ आणल्यापासून एकदाही तिच्याकडे पाहिलं नाहीत,” ती म्हणाली. “तिचं वजन सांगितलंत, दूध सांगितलंत, नाकाचा विनोद केलात. पण पाहिलं नाहीत.”

मी तिला झापायला तोंड उघडलं. ही तीच पोरगी, जिला मी थर्मामीटर उलटा धरला म्हणून दारात उभी केली होती. आज तिच्या आवाजात दमदाटी नव्हती, दया नव्हती, काहीच नव्हतं. ती फक्त पेन धरून थांबली होती. मी म्हटलं, “इथे नको.” तर तिने उठून पडदा ओढला, भोंगाबाईला माझ्याकडून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

दुसऱ्यांदा फॉर्म भरायला मला वीस मिनिटं लागली. एक एक प्रश्न मी जणू पहिल्यांदा वाचत होते. आणि खरंच पहिल्यांदाच वाचत होते. चार वर्षं फक्त बेरजा केल्या होत्या. दहाव्या प्रश्नापाशी पेन अडलं. स्वतःला इजा करावी असा विचार मनात आला का, असा तो प्रश्न. चार पर्याय होते. मी ‘कधीच नाही’वर पेन टेकवलं. मग मला गेल्या मंगळवारची दुपार आठवली. आपण नसतो तर या घराचं सगळं किती सुरळीत चाललं असतं, असं मी अगदी शांतपणे, भाजीची यादी करावी तसं मनात मांडलं होतं. मी ‘क्वचित’वर खूण केली.

एकोणीस गुण. शाळेत मला गणितात कधी इतके पडले नव्हते.

चिठ्ठीने आकडा पाहिला. रडली नाही, मिठी मारली नाही, त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे. “आत्ताच जाऊ या,” ती म्हणाली, “तिसरा मजला. मी येते. भोंगाबाईला मी घेते.” आणि सवयीने तिने चिठ्ठीवर लिहिलंसुद्धा, ‘सिस्टरना वर नेणे’.

तिसऱ्या मजल्यावर मानसोपचाराची ओपीडी. बाहेर बाक. त्या बाकासमोरून अख्खं हॉस्पिटल येतं-जातं, हे मला अकरा वर्षांत कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी पंचवीस मिनिटांत मला एक्स-रेवाला, लॉन्ड्रीवाला आणि भूल देणारे डॉक्टर असे तिघे भेटले. “सिस्टर, इकडे कुठे?” लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

“पंखा बघायला आलेय,” मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. पंखा बंद होता. तो सहानुभूतीने मान हलवून गेला.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. मी मनाशी एखादी शांत, गंभीर, खोल डोळ्यांची बाई योजून ठेवली होती. ही नाक शिंकरत होती आणि तिचा रुमाल सापडत नव्हता. पण तिने विचारलं ते सगळं नेमकं विचारलं. मंगळवारच्या दुपारबद्दलही, आडपडदा न ठेवता. असा विचार परत आला तर कुणाला सांगाल, कुणाला फोन कराल, नाव सांगा. मला नाव सांगावं लागलं. मी नवऱ्याचं सांगितलं. “आणि तो लिफ्टमध्ये अडकला असेल तर?” मग मी चिठ्ठीचं सांगितलं. तिने माझं रक्त तपासायला लिहून दिलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडतं आणि तेही असेच खेळ करतं. एक गोळी लिहून दिली. अंगावर पाजताना चालते ना, हे मी तीनदा विचारलं, तिने तीनदा सांगितलं की हीच म्हणूनच निवडलीय. दर बुधवारी बोलायला यायचं. आणि चोवीस तासांत एकदा तरी सलग पाच तास झोप, मग घर इकडचं तिकडे होवो.

“आणि मन प्रसन्न ठेवू का?” मी विचारलं.

“नको,” ती शिंकली. “ते तुम्हाला जमणार नाही. झोपा.”

हॉस्पिटलातल्या एवढ्या वर्षांत मी ऐकलेला हा सर्वात प्रामाणिक सल्ला.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. ‘क्वचित’सकट. नवरा शेवटपर्यंत ऐकत बसला. मग उठला, हात धुतले, परत येऊन बसला. कशाला धुतले ते त्यालाही माहीत नसावं.

“किती दिवसांत बरं होईल म्हणाल्या?” त्याने विचारलं. नजर कॅलेंडरकडे गेली.

“गोल करू नकोस. मी लिफ्ट नाहीये.”

“लिफ्ट असतीस तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. “लिफ्टचं मला कळतं. आवाज बदलला की मी ओळखतो. तुझा बदललेला मला... मला वाटलं, तू थकलीयस.”

“मला पण तसंच वाटलं होतं,” मी म्हटलं. खोटं होतं, पण त्या दिवसापुरता माझा खरं बोलायचा कोटा संपला होता.

सासूबाई पुढ्यातला चहा थंड करत बसल्या होत्या. मी ‘आमच्या वेळी’ची वाट बघत होते. त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचललं, चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं, छपाईतली एक चूक मला दाखवली आणि पाकीट ठेवून दिलं. “पाच तास म्हणालीस ना? मग सकाळी नऊ ते दोन मी बघेन तिला. दूध काढून ठेव.”

“आई, तुम्हाला त्रास...”

“तुझ्यासाठी नाही करत,” त्या फणकारल्या. “तू तिला धरतेस चुकीची. मनगट वाकतं तुझं. केव्हाची सांगणार होते.”

झालं. एवढीच आमच्या घराची भावनिक चर्चा.

आता तुम्हाला वाटेल, गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. सूर्य रोजच उगवत होता, तोच तर त्रास होता. पहिल्या आठवड्यात मळमळलं. दुसऱ्या आठवड्यात मी बुधवारी जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं की हे सगळं थोतांड आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. थायरॉईडही जरा खाली-वर निघालं, त्याची वेगळी गोळी. घरात मी एकटीच अशी होते जिला गोळ्यांचं वेळापत्रक होतं. समोरच्या काकूंना सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं, “सुनेला बरं नाही, अकराला ती झोपते, तुम्ही पाचला या.” पाचला काकूंची मालिका असते. त्या महिन्यात आमच्या घरात मला मिळालेलं सर्वात परिणामकारक औषध हेच.

मग एका दुपारी मी पार्किंगवरून खालच्या माणसाशी भांडत होते. बाबागाडी ठेवायच्या जागेवर तो स्कूटर लावायचा. मी भांडता भांडता रंगात आले, त्याच्या स्कूटरच्या वयावरही बोलले, आणि जिंकून वर येऊन पाहते तो पावणेपाच. चार कधी वाजले? मला कळलंही नव्हतं. मी खिडकीपाशी उभी राहिले. पोटात खड्डा शोधला. होता, पण ताटलीएवढा. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो कुठल्याशा इमारतीच्या सातव्या मजल्यावर होता, त्याला नीट ऐकू आलं नाही, तो म्हणाला, “स्कूटर? कुणाची स्कूटर?” मी म्हटलं, जाऊ दे, ये लवकर.

परत कामावर जायचं ठरलं तेव्हा भोंगाबाई पाच महिन्यांची होती. वाईट दिवस अजून यायचे, पण ते आता पाहुण्यासारखे यायचे, घरमालकासारखे नाही. पाळणाघराच्या ओळखपत्रासाठी तिचा फोटो हवा होता. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तोंड मिटलेलं. शेवटची अट ज्याने लिहिली त्याने आमची मुलगी पाहिली नसावी.

फोटोवाल्याचं दुकान खोलीएवढं. पाच महिन्यांचं मूल स्टुलावर बसत नाही, म्हणून त्याने मला खुर्चीत बसवलं, माझ्या डोक्यावरून पांढरी चादर टाकली आणि चादरीवर भोंगाबाईला ठेवलं. मी आतून तिला काखेत हात घालून धरलं. बाहेर फक्त तिने दिसायचं. आई पूर्ण गायब. शासनमान्य पद्धतीने.

“बाळ, इकडे बघ... तोंड मिट... मिट तोंड... अहो साहेब, चुटकी वाजवा!” फोटोवाला ओरडत होता. नवरा चुटक्या वाजवत होता. आत उकडत होतं, चादरीला साबणाचा वास होता, आणि भोंगाबाई दोन्ही टाचांनी माझ्या पोटावर धडका देत होती. तिची ती उबदार, वळवळणारी पाठ माझ्या छातीला टेकली होती. तिला माझा वास आला असावा. तिने मान मागे टाकली, चादरीतून माझं नाक तोंडात धरलं आणि चोखायला लागली.

“पार्श्वभूमी!” फोटोवाला किंचाळला. “पार्श्वभूमी हलतेय! बाई, हलू नका!”

कशी न हलणार? मला हसू फुटलं होतं. आधी पोटात, मग खांद्यात, मग सगळी चादरच गदगदायला लागली. नवऱ्याच्या चुटक्या थांबल्या. “अगं, ठीक आहेस ना?” त्याचा आवाज एकदम जवळ आला. त्याने चादरीचं टोक उचलून आत डोकावून पाहिलं, घाबऱ्या डोळ्यांनी, आणि मी हसतेय हे दिसल्यावर तो तसाच वाकून उभा राहिला. चादर सोडायचं त्याला सुचेना.

“साहेब, तुम्ही फोटोत येताय,” फोटोवाला म्हणाला.

सात फोटो काढले, सातही वाया गेले. त्याने आम्हाला बाळ झोपल्यावर घेऊन यायला सांगितलं.